काळ्याखालचं पितळ

पितृपंधरवडा सुरू झाला की मी यादी करायला बसते. गोधड्या, पडदे, माळ्यावरचे डबे, स्टुडिओतले पंखे, लाइटच्या छत्र्या. आमच्याकडे याला दसरा काढणं म्हणतात. घरातली एकूणएक वस्तू बाहेर काढायची, धुवायची, घासायची, उन्हात घालायची आणि घट बसायच्या आत पुन्हा जागेवर ठेवायची. यादीशिवाय हे काम अंगावर घेणारी माणसं मी पाहिली आहेत. घट बसतात तेव्हा त्यांच्या गोधड्या ओल्या असतात. माझ्या यादीत प्रत्येक ओळीपुढे नाव असतं, त्यामुळे भांडणं यादी भिंतीवर चिकटवतानाच होऊन जातात आणि नंतर फक्त कामं उरतात.

शेवटची ओळ दरवर्षी तीच. 'अण्णांचा कॅमेरा, फक्त कोरड्या फडक्यानं.' 'फक्त'खाली दोन रेघा. पुढे नाव माझं.

यंदा विलास त्या ओळीपाशी येऊन थांबला. विलास माझा धाकटा चुलत भाऊ. कळंबला त्याचं गाड्यांच्या रंगकामाचं दुकान आहे, राहायला मात्र इथेच येरमाळ्यात, माझ्या माहेरच्या घरी, काकूंसोबत, म्हणजे त्याच्या आईसोबत. त्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फोटो स्टुडिओ काढला होता. अण्णा गेले. मला गावातच दिलेलं, त्यामुळे स्टुडिओ माझ्याकडे आला.

"ताई, ही वळ माझ्या नावावर कर," विलास म्हणाला.

"का?"

"रंग मारून आणतो. पावडर कोटिंग. भट्टीतून काढला की असा काळाभोर दिसंल, अण्णांनी कालच आणलाय वाटंल."

"भट्टीत घालायच्या आधी तो सुटा कोण करणार?"

"पोरं हायती की दुकानात. इंजिन खोलत्यात, ह्ये तर बारकंच हाय."

"आणि परत जोडणार कोण?"

मी पेन टोपणात घातलं. विषय संपला असं मी धरून चालले, पण तो तसा संपणारा नव्हता.

तो कॅमेरा ज्याने पाहिला नसेल त्याला सांगते. अंग धातूचं, हाताला जड, आणि मूळचा रंग काळा, चकाकणारा. आता काळा निम्माअधिक गेला आहे आणि खालून पितळ वर आलं आहे. अण्णांच्या पिढीतले बरेच चांगले कॅमेरे असेच असत, पितळेच्या पत्र्यावर काळा रंग चढवलेले. रंग पातळ असे. हाताखाली तो हळूहळू विरतो, आणि विरतो तो नेहमी कडांवरून आत. सपाट भाग शेवटी. पट्टा अडकवायच्या कड्या सतत आपटतात, तिथं आधी जातो. मग डोक्यावरच्या उंचवट्याची धार. मग तळाचे कोपरे, कारण कॅमेरा कितीही जपला तरी दिवसभरात टेबलावर टेकतोच. आणि मग उजव्या अंगठ्याची जागा, फिल्म पुढे सरकवायच्या दांडीपाशी. तिथलं पितळ सगळ्यात गुळगुळीत असतं, पाण्यात लोळलेल्या गोट्यासारखं.

अण्णांकडे दुसरा एक कॅमेरा होता, क्रोमचा, पांढरा. तो माझा. क्रोम काळ्यासारखं सोलत नाही. घामाने त्यावर बारीक खड्डे पडतात, चमक मंदावते, पण आतलं काही बाहेर येत नाही. पुढे मी डिजिटल घेतले. ते झिजतात तेव्हा प्लॅस्टिक फक्त गुळगुळीत आणि तेलकट दिसतं, आणि मुठीवरचं रबर चिकट होऊन बोटांना लागतं. त्यांना मी काढून टाकते, वाईट वाटत नाही. वापरातून चांगला दिसू लागणारा कॅमेरा मी एकच पाहिला, अण्णांचा. शहरात काही लोक नवा काळा कॅमेरा मुद्दाम पॉलिश पेपरने घासून असा जुना करतात म्हणे. मला असा घासलेला दाखवा, मी लांबून ओळखेन. हात कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही हे त्या लोकांना माहीत नसतं.

हे ओळखायला मी शिकले त्या एका नवरात्रात.

तीसेक वर्षं झाली असतील. पाऊस मागे हटला होता, सोयाबीन काढायला आलं होतं, सकाळी अंगणात थंड आणि दुपारी पत्र्याखाली भट्टी. काका वारल्यावर काकू लहानग्या विलासला घेऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्यांचा पहिलाच दसरा. त्यांचं माहेर माकणीचं. आईला दम्याचा त्रास, धूळ अजिबात चालत नसे, म्हणून दसरा काढायचं सगळं काम काकूंनी आपल्या अंगावर ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपण या घराला ओझं नाही हे दाखवायचं असलं की माणूस कसा काम करतो, ते मी तेव्हा पाहिलं. पहाटे गोधड्या, मग डबे, मग भांडी. नळाजवळ समया, तांबे, ताम्हण, परात यांचा ढीग, शेजारी वाडग्यात भिजवलेली चिंच आणि चाळलेली राख. दुपारच्या उन्हात ते पितळ डोळ्यांना टोचत होतं.

अण्णा काकूंचे थोरले दीर. त्यामुळे काकू त्यांच्यासमोर येत नसत आणि त्यांच्याशी थेट बोलत नसत. अण्णाही बोलत नसत. काही सांगायचं तर मधे माणूस लागे. तो माणूस मी. "शोभे, धाकटीला सांग, आज डाळीत मीठ बरोबर पडलंय," असं अण्णा म्हणत, काकू चारच पावलांवर दाराआड उभ्या असत, सगळं ऐकू येत असे, आणि तरीही मी आत जाऊन सांगत असे, "काकू, अण्णा म्हणतात मीठ बरोबर पडलंय." त्यावर काकू म्हणत, "भाऊजींना म्हनावं, अजून एक भाकर घ्या." मी बाहेर येऊन तेही सांगे. या टपालाचा तेव्हा मला फार कंटाळा यायचा.

त्या दिवशी अण्णांनी कॅमेऱ्याचं चामडी कव्हर बुरशी जावी म्हणून उन्हात ठेवलं. भिंग काढून डबीत बंद केलं. उघडा कॅमेरा ठेवायला जागाच नव्हती, सगळं घर अंगणात आलेलं. म्हणून त्यांनी तो देव्हाऱ्याच्या फळीवर, समयांच्या ओळीत ठेवला आणि ते बाजारात गेले.

मी ओल्या चादरी वाळत घालून मागे वळले. काकू नळाजवळ उकिडव्या बसल्या होत्या, मांडीवर अण्णांचा कॅमेरा, हातात नारळाच्या शेंडीचा घासणा.

"काकू!"

त्यांनी वर पाहिलं ते अगदी आनंदानं. "बघ की गं शोभे, कसं निघाया लागलंय! आख्खा पितळंचा हाय. इतकी वर्सं काजळी धरली, कुनी घासलाच न्हाय भाऊजींचा क्यामेरा."

त्यांचं चुकलं कुठे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कडांवर पिवळं दिसतंय, मधे काळं आहे, वस्तू समयांच्या रांगेत उभी आहे, आणि उद्या घट बसायचे आहेत. अशा वस्तूचं काय करतात हे आमच्या गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. फक्त या वेळी काळं हा मळ नव्हता आणि पितळ हे दाखवायचं अंग नव्हतं. मी ते भरभर सांगत गेले आणि काकूंच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. मग त्यांनी एकच विचारलं.

"आता फोटु न्हाय निघायचे?"

यातच सगळं आलं. अण्णांची वर्षाची मोठी कमाई देवीच्या डोंगराखाली नवरात्रात आणि चैत्रात व्हायची. नवी जोडपी दर्शनाला येत, कवड्यांच्या माळा घातलेल्या बाया येत, कर्नाटकाच्या बाजूची कुटुंबं ट्रकातून उतरत. कॅमेरा बंद पडला तर नवरात्र गेलं.

अण्णा आले. मी सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड. अण्णांनी कॅमेरा हातात घेतला, तिरका करून पाहिला, कानाशी नेऊन हलवला. दांडी ओढली. बटण दाबलं. खटक. पुन्हा ओढली. खटक. शटरचा वेग बदलायची चकती मात्र चिंचेच्या पाण्याने अडकली होती, ती हलेना. अण्णांनी डोक्यावरच्या उंचवट्याशेजारची घासलेली जागा अंगठ्याने पुसली. लखलखीत, गुलाबीसर पिवळी. मग ते दाराकडे न बघता मला म्हणाले, "शोभे, धाकटीला सांग, पितळ चांगलं निघालं."

मी आत जाऊन सांगितलं. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत.

त्या नवरात्रात अण्णांनी सगळे फोटो एकाच वेगावर काढले. ऊन वाढलं की भिंगाचं तोंड बारीक करायचं, ढग आला की मोठं, आणि फार अंधारून आलं की लोकांना म्हणायचं, "जरा उनात या." मी पांढरा घेऊन शेजारी उभी. अण्णा डोळा लावत आणि मधेच थांबत. "शोभे, नाकाला चिंचेचा वास यायलाय," ते म्हणत, "फोटो घेताना तोंडाला पाणी सुटतंय." रांगेतली एक आजी घासलेली जागा उन्हात चमकताना बघून म्हणाली, "क्यामेऱ्याला सोन्याचं पान लावलंय काय ओ?" अण्णा लगेच म्हणाले, "व्हय आजी, देवीचं हाय. नीट उभं ऱ्हावा." आजी इतकी ताठ उभी राहिली की तिचा तो फोटो अजून माझ्या स्टुडिओच्या काचेत आहे.

घरी घटातलं धान वर येत होतं, पांढरट कोंब, मग पोपटी, मग वाकायला लागलेलं. आणि इकडे ती घासलेली जागा रोज थोडी मंद होत होती. हाताचा घाम लागला की घासलेलं पितळ फार दिवस तसं राहत नाही. मी रोज संध्याकाळी बघायचे. धान वाढत होतं तशी चमक उतरत होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. शेतकऱ्याचे विळे-खुरपी, शिंप्याची कात्री, आमची कात्री, तिपाई, कॅमेरे. स्टुडिओत पाट मांडला. अण्णा म्हणाले, "धाकटीला बोलाव. कुंकू तिनं लावायचं." काकू आल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. कात्रीला लावलं, तिपाईला लावलं, पांढऱ्याला लावलं. काळा कॅमेरा कव्हरात होता, त्या कव्हरालाच बोट टेकवून त्या आत निघून गेल्या. पुढे दरवर्षी तसंच. कॅमेऱ्याला ओलं लागू नये म्हणून काकू कव्हराला कुंकू लावतात, असं मी समजत होते. शहाणपणाच वाटला मला तो.

चकती अण्णांनी पुढे सोलापूरला नेऊन सोडवून आणली. कॅमेरा चालत राहिला. अण्णांचे हात थरथरायला लागले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि माझ्या हाताने त्याला नवीन जागा मिळाली. मी भिंग डाव्या हातावर तोलते, मनगट तळाला लागतं, आणि लग्नानंतर त्या मनगटात पाटल्या. तळाची डावी कड अण्णांच्या काळात काळीच होती, ती माझ्या पाटल्यांनी पिवळी केली. एखाद्याने हा कॅमेरा नुसता पाहिला तरी त्याला सांगता यावं की आधी एका पुरुषाने वापरला, मग एका बाईने. म्हणून मी रंगाला नाही म्हणाले. भावनेसाठी नव्हे. कुणी कोणतं काम किती केलं, हे ज्याच्यावर दिसतं ती वस्तू पुसायची नसते, एवढा माझा साधा हिशेब.

विलास दोन दिवसांनी पुन्हा आला. या वेळी तो खुर्ची ओढून बसला.

"ताई, खरं सांगू का? मला रंगाचं काय न्हाय. आई मागं लागलीया."

"काकू?"

"मी जायच्या आत तेवढं करून घे, म्हंती. रोजचंच. गोळ्या घेताना तेच, झोपताना तेच."

मी यादी तिथेच टाकून आत गेले. काकू खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. आता सत्तरीला टेकल्या आहेत, कान चांगले, डोळे अधू, बोटं मात्र पूर्वीसारखीच भराभर चालणारी.

"काकू, कॅमेऱ्याला रंग तुम्हाला हवाय?"

शेंग फुटली. दाणे सुपात. "लाव की गं. काय बिघडतंय?"

"बिघडतंय म्हणून तर विचारते. का हवाय?"

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "म्या घासलं तवापासनं ते सोलतच चाललंय. दर वर्सी बघती मी, लांबनं. पयलं इवलंसं व्हतं. मग बाजूला गेलं. मग खाली गेलं. एकदा कातडं सोललं की थांबत न्हाय, तसं झालंय ते. म्या हात लावला नसता तर आज काळंच ऱ्हायलं असतं. ल्योक रंगारी असून आईनं घान केलेली तशीच ठिवून जायची व्हय?"

मी स्टुडिओतून कॅमेरा आणला, फिल्म बघायचं भिंग आणलं, आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्या दिवसानंतर तो त्यांच्या हातात पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी तो गरम पातेल्यासारखा धरला.

"तुम्ही घासलेली जागा दाखवा," मी म्हटलं.

"ही काय." त्यांनी अंगठा नेमका दांडीपाशी ठेवला, गोट्यासारख्या गुळगुळीत जागेवर.

"ती अण्णांच्या अंगठ्याची. प्रत्येक फोटोला एकदा तिथं अंगठा लागायचा. तुम्ही या घरात यायच्या आधीपासून तिथं पितळ आहे."

"मग ही." डोक्यावरची धार.

"ती तर कव्हरात घालताना-काढताना जाते. सगळ्यांचीच जाते."

"आन् ह्ये खालचं? ह्ये तर पार उघडं पडलंय."

"ते मी केलंय. या पाटल्यांनी." मी मनगट तळाला लावून दाखवलं. पाटली कडेवर बरोबर बसली.

काकूंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. "मग माझं कुठं हाय?"

मी त्यांचं बोट धरून उंचवट्याशेजारच्या सपाट जागेवर नेलं. तिथं हात पोचत नाही, म्हणून तिथला रंग आपोआप गेलाच नसता. आता ती जागा शेजारच्या पितळेइतकीच तपकिरी झाली आहे. भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं. भिंगाखाली अजून बारीक रेघा दिसतात, गोल गोल, तांब्या घासताना हात फिरतो तशा. हाताने झिजलेल्या पितळेवर अशा रेघा नसतात.

"दिसतं? तेवढं तुमचं."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्या बोटाच्या पेऱ्याएवढं. ते कधी वाढलं नाही. बाकीचं आम्ही दोघांनी काम करून केलंय."

"अगं बया." काकूंनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा पाहिलं. "मला वाटत व्हतं निम्मा क्यामेरा म्याच खाल्ला." मग एकदम माझ्यावर घसरल्या. "आन् तू एवढी शानी, भिताडावर याद्या लावती, पंखा कुनी पुसायचा ते लिव्हती. मला ह्ये एकदा सांगाय काय झालतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कुनाला इचारू? भाऊजींना? त्यांनी तर तवाच टोमणा मारला. पितळ चांगलं निघालं म्हनं."

तो निरोप मीच आत नेला होता, शब्दाला शब्द.

"काकू, तो टोमणा नव्हता. अण्णा हसत होते."

"हसत व्हते?"

"मिशीतल्या मिशीत. नंतर डोंगराखाली आठ दिवस हसत होते. लोकांना सांगत होते देवीचं सोनं आहे म्हणून."

काकूंनी कॅमेरा मांडीवर घेतला. "दाराआडून त्वांड दिसत न्हाय गं मानसाचं," त्या म्हणाल्या. सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. बाहेर हायवेवर एक एसटी थांबली, माणसं उतरली, निघून गेली.

मग त्यांनी विलासला हाक मारली. "इल्या, तुजी भट्टी तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. काय रंगबिंग लावायचा न्हाय."

"आगं, तूच तर..."

"मीच म्हनले. आता मीच न्हाय म्हनते."

आज खंडेनवमी. सकाळी पाट मांडला. कात्री, तिपाई, डिजिटलची ओळ, आणि कव्हरात अण्णांचा कॅमेरा. काकू काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "त्याला भाईर काढ." मी काढला. त्यांनी करंगळी कुंकवात बुडवली, कॅमेरा उजेडाकडे वळवला, डोळे बारीक करून आपली जागा शोधली आणि नेमकं तिथं टेकवलं. सपाटीवर, उंचवट्याशेजारी. अण्णांच्या अंगठ्याला नाही, माझ्या पाटल्यांच्या कडेला नाही.

मी भिंतीवरची यादी काढली आणि पुढच्या वर्षीच्या यादीची शेवटची ओळ आताच लिहून ठेवली. अण्णांचा कॅमेरा, फक्त कोरड्या फडक्यानं. पुढे माझं नाव होतं, तिथे काकूंचं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोरड्या फडक्यानं व्हय," काकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, आणि आत न जाता दारातच उभ्या राहिल्या, पुढून सगळ्यांना दिसतील अशा. "मंग चिंच कशाला भिजवली मी सकाळधरनं?"

विलास आधी हसला. मग मी. काकूंना मात्र आपलं हसू लपवता आलं नाही, कारण मधे दार नव्हतं.